घरात एकच टीव्ही, बघणाऱ्या तिघी: आईसोबत बसून बघता येतील अशा मालिका सुचवा

मोगरा (परळ)

मंडळी, मदत हवी आहे. गेल्या महिन्यात भर पावसात बिल्डिंगच्या जिन्यावर आईचा पाय घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, वॉकर घेऊन मोरीपर्यंत जाते, पण अजून दीड महिना बाहेर पडायचं नाही. वय ७२. फोर्टात बँकेत ३४ वर्षं नोकरी केली, एका जागी बसून राहायची सवयच नाही तिला. दुपारभर छताकडे बघत पडलेली असते, ते मला बघवत नाही.

आमचं वन रूम किचन. तिचा पलंग बाहेरच्या खोलीत, समोर टीव्ही, आणि त्याच खोलीत माझी अकरावीतली लेक अभ्यासाला बसते. मी घरी पोचते साडेसातला. म्हणजे जे लागेल ते तिघींनी मिळून बघायचं. जेवणाआधी पाऊण तास, फार तर तास.

अडचणी सांगते. आईला मोतीबिंदू आहे, हाडाचं निस्तरलं की त्याचं ऑपरेशन. तोवर पडद्याच्या तळाशी येणारी बारीक अक्षरं तिला दिसत नाहीत, म्हणून मराठी किंवा हिंदीच हवं. फार शिव्या नकोत, फार रक्त नको. आणि संपणारी गोष्ट हवी. वर्षानुवर्षं चालणारी मालिका ती पंधरा दिवसांत सोडते.

‘पंचायत’ आणि ‘गुल्लक’ बघून झाल्या. ‘गुल्लक’मधली गीतांजली कुलकर्णीची शांती मिश्रा ओट्यापाशी उभी राहून सगळ्या घराला उद्देशून बोलते ना, त्यावर आई म्हणाली, ‘ही बाई मी रोज बघते.’ ‘पंचायत’चा दुसरा सीझन जिथे संपतो तिथून पुढे दोन दिवस ती प्रल्हादचाच विषय काढत होती. अशी माणसं असलेलं काही सुचवा.

नऊ_सदतीस (डोंबिवली)

आधी काकूंना लवकर बरं वाटू दे.

पहिलं नाव ‘आणि काय हवं’. प्रिया बापट आणि उमेश कामत, दिग्दर्शन वरुण नार्वेकर. २०१९ ला एमएक्स प्लेयरवर पहिला सीझन आला, नंतर आणखी दोन. एकेक भाग पंधरा-वीस मिनिटांचा. जुई आणि साकेत हे नवराबायको, त्यांचं घर, गाडी, एकमेकांवर रुसणं. कुणी वाईट नाही, कुणाचा कट नाही. मी आणि बायको रोज एक भाग लावायचो आणि टीव्ही बंद करून आमच्याच पहिल्या घरावर बोलत बसायचो. पाऊण तासात दोन भाग आरामात होतात.

चाफा

‘श्रीयुत गंगाधर टिपरे’! दुसरं काही शोधायच्या आधी हे लावा.

दिलीप प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’वरून केदार शिंदे यांनी केलेली. २००१ ला अल्फा मराठीवर सुरू झाली. आबा, शेखर, श्यामला, शिऱ्या, शलाका. पाच माणसं आणि एक घर, बस. प्रत्येक भागाची गोष्ट त्याच भागात संपते, त्यामुळे काकूंना मध्येच झोप लागली तरी काही चुकत नाही. आजारी माणसासाठी ही मोठी सोय आहे. माझ्या सासऱ्यांना बायपासनंतर गोळ्यांमुळे गुंगी असायची, तेव्हा आम्हाला हे कळलं. ज्या मालिकेत काल काय झालं ते आठवावं लागतं, तिचा त्यांना शीण व्हायचा. टिपऱ्यांचा कधीच झाला नाही.

मला स्वतःला त्यात सगळ्यात काय आवडतं सांगू? आबा नातवाला सुधारायला जात नाहीत. त्याच्याकडे कुतूहलाने बघतात आणि रात्री डायरीत लिहितात. घरातला म्हातारा माणूस इतका मजेत आणि इतका जागा असलेला मी त्याआधी मालिकेत बघितला नव्हता. झी५ वर शोधा.

कांदेपोहे (ठाणे)

टिपऱ्यांना +१. सोनी लिव्हवर ‘पेट पुराण’ पण बघा. सई ताम्हणकर आणि ललित प्रभाकर, २०२२ ची. मूल नको म्हणणारं जोडपं घरात मांजर आणि कुत्रा आणतं. काकूंना प्राणी आवडत असतील तर नक्की.

गिरणगावचा_नातू

मोगराताई, तुम्ही परळच्या, म्हणून हे मुद्दाम सुचवतो. झी५ वर ‘हुतात्मा’ आहे. २०१९ ची, जयप्रद देसाई दिग्दर्शक. मीना देशपांडे यांच्या कादंबरीवरून. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ, अंजली पाटील, वैभव तत्त्ववादी, सचिन खेडेकर.

माझे आजोबा गिरणीत साचेवाले होते. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला त्या दिवशी ते मोर्चात होते. घरी हे आम्ही इतक्या वेळा ऐकलं होतं की लहानपणी कंटाळा यायचा. मालिका लावली तेव्हा आजोबा जाऊन सात वर्षं झाली होती. वडील शेजारी बसले होते. मोर्चाचं दृश्य आलं तसे ते उठून उभे राहिले, आणि मग ते दृश्य संपेपर्यंत उभेच होते. मी काही बोललो नाही.

मालिका सगळीकडे सारखी जमलेली नाही. काही ठिकाणी सेटचा नवेपणा दिसतो, प्रेमकथेला जागा जरा जास्त मिळाली आहे असं मला वाटलं. तरीही बघा. १ मे १९६० ही तारीख शाळेत पाठ केली होती. तिच्या आधीची साडेचार वर्षं या शहरात माणसं कशी जगली ते मला या मालिकेनेच दाखवलं. गोळीबाराची दृश्यं आहेत, तेवढी काकूंना आधी सांगा.

रात्रपाळी

मी नर्स आहे, सार्वजनिक रुग्णालयात. कुणीतरी ‘मुंबई डायरीज २६/११’ सुचवणारच, म्हणून आधीच लिहिते. मालिका चांगली आहे. मोहित रैना, कोंकणा सेन शर्मा, काल्पनिक सरकारी रुग्णालय, एक रात्र. खाटा कमी, माणसं कमी, सामान कमी, आणि दारातून स्ट्रेचर आत येतच राहतात, ते बरंचसं खरं दाखवलंय. पण नुकतंच ऑपरेशन झालेल्या माणसाच्या खोलीत लावू नका. आवाजच सोसत नाहीत. जखमेचं दृश्य आलं की रुग्ण स्वतःचा पाय आखडून घेतो, हे मी वॉर्डात टीव्ही चालू असताना बघितलंय.

आणि एक, मालिकेचं नाही. सलग तासभर पडून बघू देऊ नका. भाग अर्ध्यावर आला की थांबवा, डॉक्टरांनी सांगितलेला घोट्याचा व्यायाम करून घ्या, मग पुढचा अर्धा. पुढचा भाग आपोआप सुरू होतो ती सोय सेटिंगमधून बंद करून टाका.

मोगरा (परळ)

रात्रपाळी ताई, हे फारच कामाचं सांगितलंत. आज लगेच केलं. ‘आणि काय हवं’चे तीन भाग बघून झाले. आईला आवडतंय, पण तिचं म्हणणं, ‘गोड आहे, पण मला जरा डोकं लागेल असं काहीतरी दे.’

अणुशक्ती (ट्रॉम्बे)

मग ‘रॉकेट बॉईज’. सोनी लिव्ह, दोन सीझन, आठ-आठ भाग. होमी भाभा झालाय जिम सर्भ आणि विक्रम साराभाई झालाय इश्वाक सिंग.

मी अणुशक्तीनगरात वाढलो, वडील भाभा अणुसंशोधन केंद्रात होते. ‘अप्सरा’ अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ ला सुरू झाली हे आम्हाला वाढदिवसासारखं माहीत होतं. मालिकेत तो प्रसंग येतो तेव्हा माझे वडील टीव्हीतल्या माणसांना तांत्रिक चुका सांगत होते आणि डोळे पुसत होते. थुंब्याचा भागही सुंदर आहे. चर्चमध्ये थाटलेलं ऑफिस, आणि २१ नोव्हेंबर १९६३ ला सुटलेलं पहिलं रॉकेट.

एक गोष्ट मुलीला आधी सांगून ठेवा. त्यातला रझा नावाचा शास्त्रज्ञ खरा नाही, मालिकेसाठी रचलेला आहे. खऱ्या माणसांच्या गोष्टीत असं पात्र घातलं की शाळकरी मुलं तेच इतिहास म्हणून लक्षात ठेवतात. मला हे खटकलं. बाकी मालिका मी तीनदा बघितली आहे.

नऊ_सदतीस (डोंबिवली)

डोकं लागेल असं म्हणत असाल तर ‘द रेल्वे मेन’ पण यादीत घ्या. चारच भाग. भोपाळची वायुगळती, २ आणि ३ डिसेंबर १९८४ मधली रात्र, आणि स्टेशनवरचा कर्मचारीवर्ग. के के मेनन. विषय जड आहे, पण मी रोज रेल्वेने जाणारा माणूस, केबिनमध्ये बसलेल्या माणसाकडे त्यानंतर मी वेगळ्या नजरेने बघतो.

चाफा

इतकं जड आत्ताच नको हो. काकू दुखण्यातून उठतायत.

पारलेकर_आजी

मी ७४ वर्षांची आहे, इथे क्वचित लिहिते. आज लिहावंसं वाटलं.

मोगरा, तुझी काळजी मला कळते. पण वरचे सगळे प्रतिसाद वाचताना एक गोष्ट मनात आली. काकूंना हे सोसेल का, ते चालेल का, हे तुम्ही सगळे ठरवताय. काकूंना कुणी विचारलं का?

मागे माझ्या मुलाने माझ्यासाठी टीव्हीवर वेगळं खातं उघडून दिलं. त्यात सगळी देवाधर्माची आणि स्वयंपाकाची चित्रं. त्याच्या खात्यात ‘पाताल लोक’ होती. मी दुपारी एकटी असताना ती पूर्ण बघितली. शिव्या आहेत, मारामारी आहे, काही ठिकाणी मी डोळे मिटले. पण जयदीप अहलावतचा तो हाथीराम चौधरी, ज्याला घरात आणि चौकीत दोन्हीकडे कुणी किंमत देत नाही, त्याने मला बांधून ठेवलं. माझे यजमान ३० वर्षं एका कचेरीत असेच अपमान गिळत होते. मुलाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, आई, तुला हे कसं चाललं? अरे, मी दोन बाळंतपणं केली, सासूचं आजारपण काढलं, २६ जुलैच्या पुरात गळ्याएवढ्या पाण्यातून घरी आले. मला टीव्हीतल्या शिवीने काय होणार?

‘दिल्ली क्राइम’ही मी बघितली, २०१२ च्या दिल्लीतल्या बलात्कार प्रकरणावरची. विषय ऐकूनच माझी बहीण नको म्हणाली होती. पण तो अत्याचार पडद्यावर दाखवलेलाच नाही. दाखवलाय तो तपास, आणि शेफाली शाहचा चेहरा. २०२० ला मालिकेला आंतरराष्ट्रीय एमी मिळालं, ते योग्यच होतं.

तर आईला विचार. बँकेतली बाई आहे, ती नीट सांगेल.

कांदेपोहे (ठाणे)

आजी, तुमचा प्रतिसाद मी माझ्या बायकोला मोठ्याने वाचून दाखवला. आम्हीही आईच्या टीव्हीवर असंच करून ठेवलंय. आज बदलतो.

गिरणगावचा_नातू

आजींशी सहमत, पण घरात किशोरवयातली मुलं असतील तर ‘मानवत मर्डर्स’सारख्या मालिका रात्री, मुलं झोपल्यावरच बघाव्यात असं मला अजूनही वाटतं. परभणी जिल्ह्यातलं १९७२ च्या सुमाराचं प्रकरण, मुंबईहून तपासाला गेलेले रमाकांत कुलकर्णी. ती भूमिका आशुतोष गोवारीकरने केली आहे. सोनाली कुलकर्णी, मकरंद अनासपुरे, सगळेच उत्तम. पण त्यात लहान मुलींचे खून आहेत. आपण सावध केलं तर त्याला कुणी दुसऱ्याच्या वतीने ठरवणं म्हणू नये.

पारलेकर_आजी

सावध जरूर करा. ते प्रेमाचं काम आहे. दार लावून घेऊ नका, एवढंच म्हणणं.

मोगरा (परळ)

आजी, काल रात्री विचारलं. खरं सांगते, मी कधीच विचारलं नव्हतं. आई म्हणाली, ‘ती हर्षद मेहतावाली आहे ना, ती मला बघायची आहे. तू म्हणशील शिव्या आहेत, म्हणून मी बोलले नाही.’

तो घोटाळा बाहेर आला तेव्हा, ९२ साली, ती फोर्टातच होती.

जुना_फोर्टवाला

वा! ताई, मी तेव्हा दलाल स्ट्रीटला एका ब्रोकरकडे कारकून होतो. अंगठा दाखवून, ओरडून सौदे व्हायचे त्या रिंगमध्ये उभा राहिलेलो आहे. १९९५ ला संगणक आला आणि तो आवाज कायमचा थांबला. ‘स्कॅम १९९२’च्या पहिल्या भागांत तो आवाज परत ऐकू आला तेव्हा मी टीव्हीच्या जवळ जाऊन बसलो.

हंसल मेहता दिग्दर्शक, प्रतीक गांधी हर्षद, श्रेया धन्वंतरी पत्रकार सुचेता दलाल. दहा भाग. देबाशिष बसू आणि सुचेता दलाल यांच्या पुस्तकावरून. घोटाळ्याची बातमी २३ एप्रिल १९९२ ला आली. त्या दिवशी आमच्या गल्लीत चहावाल्याकडेसुद्धा कुणी मोठ्याने बोलत नव्हतं.

मालिकेतलं एकच अवघड आहे, ते म्हणजे बँक रिसीट. बऱ्याच लोकांना ते कळत नाही आणि तिथे ते मालिका सोडतात. पण तुमच्या आईंना ते कुणी शिकवायची गरज नाही. त्यांनाच विचारा, आणि त्यांनी काय सांगितलं ते इथे लिहा. आम्ही त्या वेळी रस्त्याच्या या बाजूला होतो, त्या काउंटरच्या त्या बाजूला होत्या.

तिसरा_मजला (गोरेगाव)

काकूंना ‘भारत एक खोज’ही आवडेल. श्याम बेनेगल, १९८८, ५३ भाग. नसीरुद्दीन शाहचे शिवाजी महाराज आणि ओम पुरीचा औरंगजेब त्यात आहे. प्रसार भारतीने २०२४ च्या नोव्हेंबरात ‘वेव्हज’ नावाचं ॲप आणलं, दूरदर्शनचं जुनं भांडार तिथे शोधता येतं. ‘मालगुडी डेज’ पण बघा, शंकर नाग यांनी आगुंब्याला चित्रित केलेली, आर. के. लक्ष्मण यांची रेखाचित्रं असलेली.

आमच्या चाळीत दोन घरांत टीव्ही होता. रविवारी सकाळी आम्ही पोरं दाराच्या उंबऱ्यावर बसायचो, आतल्या बाजूला मोठी माणसं. मी ‘भारत एक खोज’ अर्धी त्या उंबऱ्यावरून बघितली आहे, मान वाकडी करून. आता घरात टीव्ही आहे, ५३ भाग हाताशी आहेत, आणि सोबत बघायला कुणी नाही. मुलगा परदेशी असतो. आम्ही फोन चालू ठेवून दोघं एकाच वेळी भाग लावतो. त्याच्याकडे सकाळ असते.

मोगरा (परळ)

फोर्टवाले काका, लिहिते. चार दिवसांत पाच भाग झाले.

बँक रिसीटचा प्रसंग आला तशी लेक म्हणाली, मला काही कळलं नाही. आईने टीव्ही थांबवायला लावला. मग गोळ्यांची रिकामी पाकिटं पलंगावर मांडली. ही एक बँक, ही दुसरी बँक. पहिलीला आज पैसे हवेत, म्हणून ती सरकारी रोखे पंधरा दिवसांसाठी दुसरीला विकते, पंधरा दिवसांनी परत घेते. याला रेडी फॉरवर्ड म्हणायचं. आता रोखे दर वेळी हातात कोण देणार? त्याच्या नोंदी रिझर्व्ह बँकेत हाताने व्हायच्या, वेळ लागायचा. म्हणून रोख्याऐवजी कागद द्यायचा, ‘तुमचे रोखे माझ्याकडे आहेत’ असा. तो कागद म्हणजे बीआर. आणि मग तिने वॉकरची रबरी टोपी मध्ये ठेवली. हा दलाल. दोन्ही बँकांना तोच भेटतो. पैसे त्याच्या हातून जातात. आणि एखाद्या बँकेने मागे रोखे नसतानाच कागद लिहून दिला तर?

लेक म्हणाली, तर कागद फिरत राहील आणि पैसे दुसरीकडेच जातील.

‘गेलेच,’ आई म्हणाली.

मी २० वर्षं या घरात आईला भाजी आणायला, औषध घ्यायला, बीपी तपासायला सांगतेय. ती कामावर काय करायची ते मला इतक्या वर्षांत नीट माहीत नव्हतं. त्या उन्हाळ्यात त्यांच्या शाखेत जुनी रजिस्टरं काढून रात्री दहापर्यंत जुळवणी चालायची आणि ती शेवटच्या गाड्यांतून एकटी यायची, हे परवा कळलं. मला एवढंच आठवत होतं की त्या मे महिन्यात आई सुट्टीत घरी नव्हती आणि मी रुसले होते.

शिव्या आल्या. आईने लेकीकडे बघितलं, लेकीने आईकडे बघितलं, आणि भाग पुढे गेला.

जुना_फोर्टवाला

ताई, गोळ्यांच्या पाकिटांवर बीआर इतका सोपा मी आजवर कुणाला सांगू शकलो नाही. आईंना माझा नमस्कार सांगा.

लेकीची_मैत्रीण (दादर)

मावशी, मी पण अकरावीत आहे, आईच्या खात्यावरून लिहितेय. ‘रिप्लाय १९८८’ बघा ना प्लीज. कोरियन आहे. २० भाग. सोलमधल्या एका गल्लीत पाच कुटुंबं राहतात. पहिल्याच भागात रात्रीचं जेवण व्हायच्या वेळी एका घरातली आई मुलाला भाजी देऊन दुसऱ्या घरी पाठवते, ते घर दुसरं काहीतरी देऊन परत पाठवतं, आणि सगळी मुलं ताटल्या घेऊन गल्लीत एकमेकांना आडवी जातात. माझी आजी दादरच्या चाळीत वाढली. ती म्हणाली, वाटी रिकामी परत द्यायची नाही हे यांना कुणी शिकवलं?

मोगरा (परळ)

बाळा, ऐकूनच बघावीशी वाटतेय. पण कोरियन म्हणजे खाली इंग्रजी वाचायचं, आणि आजीला तेच तर दिसत नाही.

दोन_ओळी (अंधेरी)

इथे मी काही सांगू शकेन, कारण माझं पोट यावर चालतं. मी सबटायटल लिहिते, हिंदी आणि मराठी.

सबटायटल म्हणजे जास्तीत जास्त दोन ओळी. इंग्रजीत एका ओळीत साधारण ४२ अक्षरं बसवतात, आणि ती दिसतात जेमतेम काही सेकंद. माणूस भराभर बोलत असेल तर त्याचं अर्धं बोलणं आम्हाला गाळावं लागतं. आधी काय गाळतो? हाका. दादा, ताई, अहो, अगं. इंग्रजीत त्यांना जागाच नसते. ‘रिप्लाय १९८८’मध्ये बायका एकमेकींना बऱ्याचदा मुलांच्या नावाने हाक मारतात, अमक्याची आई, तमक्याची आई अशी.  आपल्याकडे मिनूची आई, बंड्याची आई म्हणतात तसंच.

म्हणून माझा सल्ला. लेकीला आजीशेजारी बसवा आणि तिला मराठीत सांगू द्या. शब्द न् शब्द नको, दमून जाईल. कोण कुणाला बोलतंय ते नात्याने सांगायचं, मग काय म्हणाला ते. पहिला अर्धा तास अवघड जाईल. मग आवाज ओळखीचे होतात आणि आजीला निम्मं न सांगताही कळायला लागतं. माझ्या आईला मी एक अख्खी जपानी मालिका अशी वाचून दाखवली होती. ती गेल्यावर मला कळलं की मी या धंद्यात कुठून आले.

एकेक भाग दीड तासाच्या आसपास आहे, तेव्हा दोन रात्रींत एक करा. टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये बोलणं स्पष्ट करायचा पर्याय असतो, तो चालू ठेवा. पंखा आणि रस्ता दोन्ही चालू असताना संगीताखाली संवाद दबतात.

अणुशक्ती (ट्रॉम्बे)

वाचून दाखवायची ही कल्पना फार आवडली. आम्ही ‘चेर्नोबिल’ वडिलांसोबत अशीच बघितली, फक्त उलट. पाच भाग, २६ एप्रिल १९८६ चा स्फोट. इंग्रजी मला कळत होतं, पण अणुभट्टीत नेमकं काय चुकलं ते वडील सांगत होते. शेवटच्या भागात न्यायालयात लाल आणि निळ्या पाट्या लावून स्फोट समजावतात, तिथे वडिलांनी मान डोलावली. त्यातली उलाना खोम्युकही रचलेलं पात्र आहे, पण मालिका स्वतःच ते शेवटी सांगून टाकते. म्हणून तिथे मला खटकलं नाही.

नऊ_सदतीस (डोंबिवली)

काल रात्री ‘रिप्लाय १९८८’चा पहिला भाग लावला. ताटल्यांचा प्रसंग बघून बायको उठली आणि शेजारी आळूवडी देऊन आली. आमच्या शेजाऱ्यांशी आम्ही चार वर्षांत लिफ्टपलीकडे बोललो नव्हतो.

मोगरा (परळ)

तीन आठवडे झाले, कळवायचं राहून गेलं.

‘स्कॅम’ संपली. ‘टिपरे’ दुपारी आई एकटी असताना बघते, रोज दोन भाग, आणि संध्याकाळी मला आबांनी डायरीत काय लिहिलं ते सांगते. रात्री ‘रिप्लाय १९८८’. लेक पहिल्या दिवशी इंग्रजी वाचून मराठीत सांगताना अडखळली, रडकुंडीला आली. आई म्हणाली, ‘तू नुसतं नाव सांग, मी तोंडावरून ओळखते.’ दुसऱ्या दिवसापासून जमलं. आता लेक आवाज बदलून सांगते, बापाला वेगळा, शेजारणीला वेगळा. ऑलिम्पिकमध्ये देशाच्या नावाचा फलक घेऊन चालायची इतके दिवस तयारी केलेली त्यातली मुलगी डोकसन, तिचा देशच येत नाही म्हटल्यावर लेकीचा आवाज फुटला. आईने तिचा हात धरला आणि ‘थांबव जरा’ म्हणाली.

समोरच्या खोलीतल्या वहिनींना दारातून हे ऐकू जायचं. परवा त्या उंबऱ्याशी उभ्या राहिल्या, काल आत येऊन बसल्या. त्यांना मालवणीतून सांगितलेलं बरं पडेल म्हणतात, लेकीला ते येत नाही, आई थोडं सांगते.

डॉक्टरांनी सोमवारपासून काठी चालेल म्हटलंय. आज पाचवा भाग. आठच्या आधी लावू नका असा वहिनींचा निरोप आहे, त्यांचे मासे तळायचे राहिलेत.